सांगितला उजवा, गेला डावा

पिंगळीत आता मोतीबिंदू काढून घ्यायला कुणी तयार होत नाही. शिबिराची गाडी येते, आशाताई दारोदार फिरते, आणि म्हातारी माणसं भिंतीला टेकून एकच विचारतात, "मग पार्वतीबाईचं काय झालं?" उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि डावा डोळा गेला, हे गावातल्या पोरासोरांना पाठ आहे. कुणी म्हणतं शीर कापली, कुणी म्हणतं सुई आतून दुसऱ्या डोळ्यात निघाली. ज्यांनी जन्मात डोळ्याचा दवाखाना आतून पाहिला नाही, तेच हे छातीठोकपणे सांगतात.

खरं असं आहे की पार्वतीबाईला मोतीबिंदू नव्हताच, त्यामुळे तो कुणी काढलाही नाही. तिनं पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं. दिसण्यासाठी. पन्नाशी ओलांडलेल्या, घरात सून असलेल्या बाईनं चांगलं दिसावं म्हणून पापण्या कापून घेतल्या, याचं हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं जागा मिळणार नाही.

मी स्टेशनच्या वाटेवर ब्लाऊज शिवते. माप द्यायला आलेली बाई दार लोटून घेते, आणि दार लोटलं की तिचं तोंड उघडतं. पार्वतीबाईनं हे सगळं मला तिथंच सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता तू सांग लोकांला. मी सांगून बघितलं." म्हणून सांगते आहे.

पार्वतीबाईचं माहेर देवगाव फाट्याच्या आत, सेलू तालुक्यात. बापाच्या पापण्या जड होत्या, डोळ्यांवर उतरलेल्या. बापाला त्या शोभल्या. गडी माणूस, नावावर दोन विहिरींची जमीन. अर्धे डोळे मिटून बोलायचा, तर लोक म्हणायचे, विचार करून बोलतो. त्याच पापण्या पोरीला आल्या तर लोक म्हणाले, झोपाळू आहे. मोठा भाऊ दिनकरराव, त्यालाही तशाच. तो हसून म्हणायचा, "पारू, बापानं जमीन मला एकट्याला दिली, पण पापण्या दोघांला सारख्या वाटून दिल्या." दर भाऊबीजेला तो हे म्हणायचा, आणि दर भाऊबीजेला ती हसायची. तिला जगात पारू म्हणणारी दोनच माणसं होती, एक हा भाऊ आणि दुसरी सासू.

लग्न होऊन ती पिंगळीला माणिकरावांच्या घरी आली. घर खाऊन-पिऊन सुखी. माणिकराव म्हणजे देवमाणूस. बैलावर चाबूक उगारायचा तरी चार वेळा विचार करणार. पण पार्वतीबाईच्या वरच्या पापण्या वयाबरोबर आणखी उतरल्या, खाली फुगवटे आले, आणि चेहरा असा झाला की बघणाऱ्याला वाटावं, ही आत्ताच रडून उठली. विहिरीवर, बाजारात, बँकेत, कुठंही गेली तरी तेच. "काय झालं गं? मारलं का मालकानं?" बिचाऱ्या माणिकरावांनी कधी आवाज चढवला नाही, पण अर्ध्या गावात बायको बडवणारा म्हणून त्यांचं नाव झालं. पार्वतीबाई पहिली काही वर्षं समजावून सांगायची. मग तिनं सोडून दिलं.

आपल्याकडं माणसाच्या तोंडावरून त्याची जागा ठरते. पार्वतीबाईची जागा मयताच्या घरी पुढं होती. कुणीही वारलं की बायका तिलाच पुढं करायच्या, कारण ती उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच रडलेली दिसायची. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, घरचीच कुणी जवळची असेल. आणि हळदीला, बारशाला, ओटी भरायला तिची जागा मागं. कुणी तोंडावर बोलत नसे. फक्त कुणीतरी हलकेच दंडाला धरून तिला मागं घ्यायचं. सवाष्ण बाई, पदरी दोन लेकरं, पण शुभकार्याला तिचं तोंड नको. मला या गावाचा राग येतो तो अशा वेळी.

पोराच्या, म्हणजे रामच्या हळदीत हेच झालं. पोटच्या पोराची हळद, आणि फोटोवाला म्हणतो, "मावशी, रडू नका ना, जरा हसा." ती हसतच होती. मग चुलत नणंदेनं तिला खांद्याला धरून बाजूला घेतलं आणि स्वतः पुढं बसली. लग्नाच्या अल्बममध्ये पार्वतीबाई जिथं जिथं आहे, तिथं तिथं कुणीतरी गेल्यासारखं दिसतं. तो अल्बम तिनं एकदा पाहिला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

तेही तिनं गिळलं असतं. पण मग सृष्टीला बघायला पाहुणे आले. सृष्टी तिची धाकटी, पुण्यात कंपनीत नोकरीला. पोरगी पसंत पडली, पोहे झाले, आणि उठता उठता मुलाच्या मावशीनं माणिकरावांना विचारलं, "बाईंच्या मनात पोरगी द्यायची न्हाई का? आल्यापासून रडायल्यात." पंधरा दिवस तिकडून निरोप नाही. शेवटी जमलं, पण त्या पंधरा दिवसांत पार्वतीबाईला जेवण गेलं नाही. आपल्या तोंडामुळं पोरीचं मोडतं की काय, या धास्तीनं ती सुकली. सृष्टीच्या हळदीला आई म्हणून पुढं बसायचं, आणि कुणी दंडाला धरून मागं घ्यायला नको, एवढीच तिची इच्छा होती. माझ्यापुढं सांगताना ती म्हणाली, "दुसरं कायबी नको होतं गं. फक्त पुढं बसायचं होतं."

सृष्टीच्या मैत्रिणीच्या आईनं असं ऑपरेशन करून घेतलं होतं. सृष्टीनंच आईला संभाजीनगरला नेलं. डॉक्टरीणबाई सरळ होती. तिनं पार्वतीबाईला समोर बघायला लावलं, पापणीखाली बोट धरलं, उजेड पाडला आणि म्हणाली, "पापणी बाहुलीवर येत नाही, नजरेला अडथळा नाही. तसा असता तर मी म्हटलं असतं, गरज आहे. हे फक्त दिसण्यासाठी आहे. नाही केलं तरी काही बिघडणार नाही."

पार्वतीबाई म्हणाली, "बाई, लय बिघडलंय."

मग डॉक्टरीणबाईनं आरसा धरून समजावलं. वरच्या पापणीला जी घडी पडते, तिथंच कापायचं, सैल कातडीची पट्टी काढायची, बारीक दोऱ्यानं शिवायचं. खालच्या पापणीच्या मागं चरबी पुढं येते, ती आतून थोडी कमी करायची. भूल तेवढ्या जागेपुरती. माणूस जागा असतो. पार्वतीबाईनं एकच विचारलं, खूण दिसेल का? डॉक्टरीणबाई म्हणाली, "घडीतच लपते ती. काही महिन्यांनी तुम्ही स्वतः बोट फिरवून शोधली तरी सापडणार नाही, हा माझा शब्द."

राहिला प्रश्न घरी काय सांगायचं. पापण्यांचं सांगणं शक्यच नव्हतं. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर आई नटायला निघाली, हे गावानं वर्षभर चघळलं असतं, आणि मुलाकडच्या मावशीपर्यंत गेलं असतं ते वेगळंच. मोतीबिंदू सोपा होता. घरोघरी निघतो, कुणी विचारत नाही. फक्त एक अडचण होती. मोतीबिंदू एका वेळी एकाच डोळ्याचा काढतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन्ही म्हटलं असतं तर लगेच पकडलं गेलं असतं. "कोणता डोळा?" माणिकरावांनी विचारलं. तिच्या तोंडून निघालं, "उजवा." डावाही म्हणता आला असता. त्या वेळी काही फरक पडत नव्हता.

ऑपरेशन चांगलं झालं. जागेपणी कात्रीचा आवाज आला, केस जळाल्यासारखा वास आला, दुखलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सृष्टीनं आरसा दिला. डोळ्यांभोवती वांग्यासारखं काळंनिळं, सगळं सुजलेलं. पण त्या सुजेतून तिला पहिल्यांदा आपले अख्खे डोळे दिसले. "माझे डोळे एवढाले हायेत, हे मला म्हाईतच नव्हतं," ती म्हणाली. दिनकररावाला भाऊबीजेला असंच समोर जाऊन चकवायचं, तिनं ठरवलं. त्याला मात्र खरं सांगायचं, बाकी कुणाला नाही.

निघताना डॉक्टरीणबाईनं दोघींना बसवून बजावलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, दोन उशा घेऊन निजायचं, रडायचं तर मुळीच नाही. आणि शेवटी म्हणाली, "क्वचित एखाद्याच्या डोळ्यामागं रक्त साठतं. मग एकदम ठणका लागतो, डोळा पुढं आल्यासारखा वाटतो, दिसायचं कमी होतं. असं झालं तर वाट बघायची नाही. मला फोन करत बसू नका, जवळचा मोठा दवाखाना गाठा. तासा-दोन तासांत ते रक्त मोकळं करावं लागतं. उशीर झाला की नजर परत येत नाही." पार्वतीबाईनं ऐकलं. तिनं नीट ऐकलं, हे मी मुद्दाम सांगते. अडाणी बाईला समजलं नसेल, असं म्हणणाऱ्यांना माझ्या दुकानात जागा नाही.

सृष्टीनं तिला पिंगळीला आणून सोडलं आणि सुट्टी संपली म्हणून पुण्याला गेली. पार्वतीबाई काळा चष्मा लावून मागच्या खोलीत राहिली. सुनेनं, राजेश्रीनं, चष्म्याच्या कडेतून पाहिलं आणि विचारलं, "आत्या, काळं दोन्हीकडं कसं?" ती म्हणाली, "सूज उतरायली इकडं." सासू चतुराबाई शेजारी येऊन बसली. तिला स्वतःला खरा मोतीबिंदू सुरू झाला होता. "दुखतंय का गं लय?" तिनं विचारलं. "तुझं बरं झालं की मपलाबी काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच देवगावकडून फोन आला. दिनकरराव गेले. चहा पिता पिता छातीत कळ आली आणि कप हातातच राहिला.

माणिकरावांनी गाडी काढली, राम आणि राजेश्रीही बसले. जाताना म्हणाले, "डोळ्याला जप. रडू नको लय." त्यांनी त्यांच्या परीनं सांगितलं. पण भाऊ गेलेल्या बहिणीला रडू नको म्हणणं हे म्हणण्यापुरतंच असतं. आपल्याकडं बहीण आल्याशिवाय भावाला उचलत नाहीत. ती अंगणात पाय ठेवते तेव्हा सगळ्या बायका उठतात, भावजय गळ्यात पडते, आणि दोघींनी गेलेल्याचे गुण गात, हेल काढून रडायचं असतं. मग ज्या गावाहून बायका येतील त्या प्रत्येकीच्या गळ्यात पुन्हा पडायचं, पुन्हा तेच. न रडणाऱ्या बहिणीला लोक काय म्हणतात, ते मी लिहीत नाही.

भावजयीनं तिला घट्ट धरलं, इतकं की चष्मा वाकडा झाला. मग तिला मयताजवळ नेलं. दिनकरराव अंगणात निजवलेले, तोंड उघडं, डोळे मिटलेले. त्या जड पापण्या तशाच, बापाच्या. पार्वतीबाई मला म्हणाली, "त्याला बघितलं आन् वाटलं, दोघांला वाटून दिल्यालं होतं, मी मपला वाटा कापून फेकून आले." तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि आयुष्यात कधी रडली नव्हती अशी रडली. दुसऱ्यांच्या मयताला फुकटचं श्रेय खाल्लेली बाई, त्या दिवशी रडणं तिचं स्वतःचं होतं.

एक-दोनदा तिनं मागं सरायचं पाहिलं. "डोळ्याचं आप्रेशन हाय माझं," म्हणाली. शेजारच्या म्हातारीनं हात झटकला. "मोतीबिंदूचं काय घिऊन बसलीस बाई, आता टाकाबी न्हाई घालीत. मपली जाऊ चौथ्या दिवशी खुरपायला गेली." खोटं तिनं असं निवडलं होतं की ते कुणालाच मोठं वाटत नव्हतं. त्याच्या आडोशाला बसताही येईना. जालन्याच्या बायका आल्या, मानवतच्या आल्या, सेलूच्या आल्या. प्रत्येकीनं तिची मान खाली ओढून गळ्यात घेतली.

दुपारच्या सुमाराला डाव्या डोळ्यात कळ गेली. आधी तिला वाटलं, रडून रडून झालं असेल. मग ठणका सुरू झाला, आतून कुणी अंगठ्यानं डोळा बाहेर ढकलावा तसा. तिला डॉक्टरीणबाईचे शब्द शब्दन्‌शब्द आठवले. पदर तोंडावर ओढून तिनं चष्म्याखालून बोट घातलं आणि उजवा डोळा झाकला. समोर भाऊ निजलेला होता. तो दिसेनासा झाला. बोट काढलं, पुन्हा दिसला.

इथं मी तिला विचारलं, मग उठली का नाहीस? ती ब्लाऊजचे हुक काढत-लावत राहिली. मग म्हणाली, "काय सांगून उठू? सगळ्यांला उजवा सांगितला होता. डाव्याला तर कुणी हातच लावला न्हाई म्हणून सांगितलं होतं. डावा दुखायलाय म्हणलं असतं तर लोक म्हणले असते, भावाची माती टाकून पळायला निमित्त करायली. आन् खरं सांगायचं, तर भावाच्या मयतापुढं बसून सांगू का, मी चांगलं दिसायला पापण्या कापल्या म्हणून?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, त्या अंगणात तिनं काय केलं असतं. उत्तर द्यायच्या आधी जरा थांबा, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक माणूस होतं ज्याला काही सांगावं लागणार नव्हतं. सृष्टी. दिनकररावाचा पोरगा पुण्यालाच होता, तो आणि सृष्टी एकाच गाडीनं निघाले होते. त्यांच्यासाठीच मयत ठेवलं होतं. पार्वतीबाईनं ठरवलं, पोरगी येईपर्यंत कळ काढायची. तेवढ्यात राजेश्रीनं फोन आणून तिच्या कानाला लावला. सृष्टी होती. "आई, रडली नाहीस ना? डोळे दुखतायत का?" भावजयीचं डोकं त्या वेळी तिच्या मांडीवर होतं, भोवती दहा बायका कान देऊन बसलेल्या. पार्वतीबाई म्हणाली, "न्हाई. बरा हाय." सृष्टीनंही पुढं विचारलं नाही. तिच्या शेजारी मामाचा पोरगा रडत बसला होता, आणि मोतीबिंदूची गोष्ट त्यालाही सांगितलेली होती. दोघी मायलेकी एकमेकींशी बोलल्या आणि दोघींनी खोटं सांभाळलं.

गाडी यायला उन्हं कलली. सृष्टी आत आली, आईच्या गळ्यात पडली आणि पडल्या पडल्याच चष्मा वर केला. डावा डोळा सुजून पुढं आला होता, पापणी जांभळी, दगडासारखी घट्ट.  तिनं आईला दोन्ही हातांनी उठवलं आणि रामला हाक मारली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, उचलायची येळ झाली, आता कुठं न्यायलीस तिला?" पार्वतीबाईनं जाताना मागं वळून पाहिलं. भावाला खांदा देताना तिला बघायला मिळालं नाही. ज्याच्यासाठी ती दिवसभर बसून राहिली, तेही हाती लागलं नाही.

परभणीच्या डोळ्याच्या दवाखान्यात राम डॉक्टरला सांगत राहिला, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, उजव्याचा. सृष्टीनं त्याला बाहेर काढलं आणि दार लावून डॉक्टरला खरं सांगितलं. डॉक्टरनं एक क्षण न घालवता डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून रक्त मोकळं केलं. ठणका थांबला. मग त्यानं तिच्या डाव्या डोळ्यावर उजेड पाडला आणि विचारलं, "काही दिसतंय?" ती म्हणाली, "आधी लावा की बॅटरी." ती लावलेलीच होती.

पुढं संभाजीनगरला नेलं, त्याच डॉक्टरीणबाईकडं. तिनं हात धरून विचारलं, "दुखायला लागलं तेव्हाच का आला नाहीत?" 

माणिकरावांना सृष्टीनं दवाखान्याच्या बाकावर सगळं सांगितलं. ते टोपी हातात फिरवत राहिले. रागावले नाहीत. शेवटी म्हणाले, "आता कुणाला सांगू नका. नटायला गेली आन् डोळा घालवून आली, म्हणून हसतील तिला. मोतीबिंदूच ऱ्हाऊ द्या." बायकोला कुणी हसू नये, एवढ्यासाठी त्या सरळ माणसानं ते खोटं आपल्या डोक्यावर घेतलं. रामलाही सांगितलं नाही, सुनेलाही नाही. आणि मग गावानं ते उचललं, सांगितला उजवा नि गेला डावा, आणि त्यावर शिरा, सुया, काय काय चढवलं.

सृष्टीचं लग्न पुढच्या वर्षी झालं. मामाच्या जागी मामाचा पोरगा उभा राहिला. तोवर सूज गेली होती, डोळ्यांखालचे फुगवटे नाहीसे झाले होते, पापण्या वर होत्या. बायका म्हणायच्या, भावाच्या दुःखानं बाई वाळली, डोळ्याखालचं मांसच झडलं. डावा डोळा बाहेरून चांगला दिसतो, उघडतो, मिटतो; फक्त त्यातून दिसत नाही. चेहरा तिला हवा होता तसाच झाला. आणि हळदीच्या वेळी त्याच चुलत नणंदेनं तिला दंडाला धरलं आणि कानात म्हणाली, "वैनी, तुमी जरा मागं बसा. एका डोळ्याचं माणूस शुभाला पुढं चालत न्हाई." ती मागं बसली. मी तिथं होते, मी पाहिलं.

हे सगळं आता मागं पडलं असतं. पण चतुराबाईचा मोतीबिंदू पिकला. म्हातारी आवाजावरून माणसं ओळखायला लागली. भाकरी थापता थापता हात तव्यावर जायला लागला, उंबऱ्याला अडखळून दोनदा पडली. शिबिराची गाडी आली की ती खोलीत जाऊन कडी लावायची. "मपल्या सुनंचा डोळा खाल्ला त्यांनी," म्हणायची. "मला आंधळं व्हायचं तर घरात होईन." तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी म्हाताऱ्या अडून बसल्या. तिचं बघून त्या, त्यांचं बघून दुसऱ्या.

पार्वतीबाईला ते बघवेना. लग्न होऊन गेलं होतं, लपवायचं आता काय राहिलं होतं. एका दुपारी घरात कुणी नसताना ती ओसरीवर सासूजवळ बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. रामची हळद, सृष्टीचे पाहुणे, पापण्या, उजवा का सांगितला, भावाच्या अंगणात काय झालं. मोतीबिंदू काढल्यानं कुणाचा डोळा जात नाही, माझा गेला तो मी गप बसले म्हणून गेला, असं हात जोडून सांगितलं.

 चतुराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं का? मला दवाखान्यात न्यायचं म्हणून कायबी रचायलीस. चांगल्या पापण्या कापायला कोण जातंय?"

पार्वतीबाईनं माणिकरावांना गोठ्यातून बोलावलं. ते म्हणाले, "खरं हाय, माय." म्हातारी म्हणाली, "तुला तिनंच पढिवलंय. बायकोच्या व्हयला व्हय म्हणणारा तू."

"देवाशप्पथ, आत्याबाई."

"मग खूण दाखव. कापल्यालं हाताला लागल्याबिगर ऱ्हात न्हाई. मपल्या पायाला इळा लागला त्याला जिंदगी झाली, अजून लागतंय."

पार्वतीबाईनं तिचा हात धरून आपल्या डोळ्यावर ठेवला. म्हातारीनं अंगठा डाव्या पापणीवरून फिरवला, घडीतून फिरवला, सावकाश, गव्हातला खडा शोधावा तसा. कोपऱ्यावर तो थांबला. "ही तर परभणीच्या डॉक्टरची, ही मला म्हाईत हाय." मग उजवी पापणी. पुन्हा डावी.  पार्वतीबाईनं सासूचं बोट स्वतः धरून घडीवर दाबलं, इथं बघा, इथंच हाय.

"कायबी न्हाई इथं," चतुराबाई म्हणाली. "गुळगुळीत हाय." आणि तिच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "मपल्यासाठी लबाड बोलायलीस, एवढं कळतंय मला, पारू. पर मी न्हाई यायची."

पार्वतीबाईनं मग आपल्या बोटांनी खूण शोधली. तिलाही सापडली नाही. डॉक्टरीणबाईनं दिलेला शब्द पाळला होता.